टोपल्यातला काळा धागा

फोन आला तेव्हा मी ओसरीवर तूर पाखडत होते. शीतलच्या पप्पांनी ऐकलं आणि माझ्या हातातलं सूप हळूच काढून घेतलं. तेवढ्यानेच मला कळलं. पुण्याला शिकणारी आमची एकुलती मुलगी चार दिवसांच्या तापाने गेली... त्याला आता दीड महिना झाला.

मी चौथी शिकलेली. ती काय शिकते हे कोणी विचारलं की मी आत निघून जायची. उन्हाळ्यात ती घरी, जानेफळला आली ती टोपलंभर रंगीत लोकर घेऊन. ती मैत्रिणीकडे गेली असताना मी पाहिलं, तर सगळा गुंताच. गोधड्या शिवणारा हात माझा, गुंता बघवत नाही. दुपारभर बसून सोडवला, रंगारंगाचे गुंडे करून ठेवले.

आल्यावर ती टोपल्याकडे बघतच राहिली.

"माय, काऊन सोडवलं वं?"

"मले गुंता दिसला."

"महिनाभराचं काम होतं माह्यं," म्हणाली आणि हसत सुटली. मला मात्र रडू आलं. मग जवळ बसवून तिने सांगितलं. अंगातल्या पेशीत, डोळ्याला न दिसणाऱ्या गोळीत, माणसाहून लांब धागा मावलेला असतो. त्याचे तुकडे सेहेचाळीस, आणि प्रत्येकाचा आपापला कोपरा. कडेला चिकटलेला भाग बहुतेक गप्प असतो, मधे कामं चालतात. टोपल्यातली लोकर म्हणजे तोच धागा, तिने मांडून पाहिलेला.

"म्हंजे कडेचा बिनकामाचा?"

"नाही वं. गप राहणं बी कामच असते. अन् कधी कधी तोच सरकून मधात येते, बोलाले लागते. तू नाही का, पाहुणे आले की भिंतीले चिकटून बसतं. येशीन तू बी मधात."

मग दोघींनी पुन्हा मांडायला घेतलं. काळा धागा तिने कडेकडेने फिरवला. "हे तू," म्हणाली. लाल थोडा आत गेला आणि तिची सुट्टी संपली. बाकीचे रंग दिवाळीत, असं ठरलं.

तेराव्याला बाया विचारत होत्या, पोरगी काय शिकत होती म्हणून. सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं... मी भिंतीला टेकून बसून राहिले. ते आज तिच्याच वहीत लिहिते आहे.

टोपलं कोनाड्याखाली आहे. गुंडे तसेच. कोणत्या रंगाशेजारी कोणता, ते तिलाच माहीत होतं. काल काळ्या धाग्याचा पदर धरला, मधे ओढावा म्हणून. तिच्या बोटांनी दिलेली वळणं त्यावर तशीच होती. सोडून दिला. कडेलाच आहे तो, तिने ठेवला तिथे.