आत्याच्या छातीतलं मशीन

आमच्या आत्याला बाजारात सगळे चेनवाली म्हणतात. बॅग, जॅकेट, पाकीट, गादीची खोळ, ज्याची म्हणून चेन अडकली तो सरळ तिच्याकडे येतो. कुलूपवाल्याच्या टपरीला लागून तिचं पायमशीन, एक लोखंडी स्टूल आणि डोक्यावर ताडपत्री. चेन लगेच बदलून देणं तिच्या जिवावर येतं. आधी ती दातांवरून बोट फिरवते, मेण घासते, पकडीने रनर हलकेच दाबते आणि म्हणते, "नवी कशाला? हिच्यात अजून दम आहे."

बाबा गेल्यावर ती माझ्या आईजवळ राहायला आली. दोन खोल्या, मध्ये पडदा. आई छापखान्यात पुस्तकांची पानं जुळवते. नणंद-भावजयींचं दिवसभर कशावरून तरी वाजतं, पण एकीला यायला उशीर झाला की दुसरी दाराशी येऊन उभी राहते. मी लग्न होऊन पलीकडच्याच गल्लीत गेले, त्यामुळे दोघींच्या तक्रारी ऐकून घ्यायचं खातं माझ्याकडे आहे.

आत्याचा एक ताठा होता. कुणाचं फुकट घ्यायचं नाही. शेजारणीने कधी उसनी साखर दिली, तर दुसऱ्या दिवशी वाटी शिगोशीग भरून परत जायची. त्यामुळे सरकारी आरोग्य विम्याची कार्डं काढायला माणसं दारोदार आली, तेव्हा ती पडद्यामागे जाऊन बसली. कमी उत्पन्नाच्या घरात सगळ्यांना कार्ड मिळत होतं, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना तर उत्पन्न न बघताच. आईने आपलं काढून घेतलं. आत्याला दोन्हीकडून मिळण्यासारखं होतं. ती आतून म्हणाली, "माझे हात-पाय चालतायत. कुणापुढे हात पसरायची वेळ आलेली नाही."

गेल्या थंडीत तिला चक्कर येऊ लागली. तिने ती अंगावरच काढली. एकदा म्हणाली झोप झाली नाही, एकदा म्हणाली सकाळी खाल्लं नाही. मग एका दुपारी चेन शिवता शिवता तिचा पाय पायट्यावर थांबला आणि ती स्टुलावरून कलली. कुलूपवाल्याने धावत येऊन सावरलं आणि मला फोन केला.

जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. ठोके मिनिटाला चाळीसच्याही खाली आले होते. ते म्हणाले, "हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाहीये. पेसमेकर बसवावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी भिंतीकडे. डॉक्टर भले होते. ते म्हणाले, "आमच्याकडे सरकारी योजना चालत नाही. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्या, तिथे हे योजनेत बसेल. पण वेळ घालवू नका."

तिथे त्यांनी आत्याला आधी दाखल करून घेतलं आणि कागदांचं मागून विचारलं. जिन्याखाली योजनेची मदत खिडकी होती. खिडकीवर तपकिरी स्वेटर घातलेल्या एक बाई होत्या. त्या कार्ड काढण्यासाठी बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र घेऊन आत्याच्या खाटेपाशी आल्या. यंत्र काही तिची बोटं ओळखेना. सुई आणि पितळेच्या दातांवर घासून घासून तिच्या बोटांच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या. अंगठा झाला, तर्जनी झाली, दुसरा हात झाला, सगळीकडे तांबडा दिवा.

"बघा, त्यालाही पटत नाहीये," आत्या पडल्या पडल्या म्हणाली.

"डोळ्यांवरून करू," बाई म्हणाल्या. "ते दुसरं यंत्र आहे, आणते."

"थांबा जरा. हे पैसे कुणाचे?"

"सरकारचे."

"सरकार कुठं बसून चेन शिवतं? कुणाच्या तरी खिशातूनच आले असणार."

बाईंना घाई होती, खिडकीपाशी रांग होती, तरी त्या खाटेच्या कडेला टेकल्या. "सगळ्यांच्या खिशातून, आजी. माझ्या पगारातून जातात, तुम्ही दोऱ्याचं रीळ घेता त्यातूनही जातात. जो आजारी पडतो त्याच्या कामी येतात. उद्या मी पडले तर तुमचे माझ्या कामी येतील."

"म्हणजे मी तुमचं देणं लागते."

"आणि मी तुमचं."

आत्याच्या चेहऱ्यावरची आठी गेली नाही. तेव्हा इतका वेळ पायथ्याशी उभी असलेली आई बोलली. "वन्सं, नको असेल तर राहू दे. पण मग घरी मी भांडायचं कुणाशी? पडद्याशी?" एवढं बोलून ती वॉर्डाच्या खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

आत्याने बराच वेळ तिच्या पाठीकडे पाहिलं. मग बाईंना म्हणाली, "आणा ते यंत्र. कुठं बघायचं सांगा."

डोळे एका फटक्यात जुळले. मंजुरी आली आणि दुसऱ्या दिवशी गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीपेक्षाही लहान असं ते मशीन बसलं. तेवढीच जागा बधिर केली होती, त्यामुळे आत्या सगळा वेळ जागी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आत टाका छान घालतात." आईला एकदम हसू फुटलं.

घरी सोडताना बिल नव्हतं. बरोबर औषधं होती, पुन्हा कधी दाखवायला यायचं ते लिहून दिलं होतं. सगळंच फुकटात झालं असं नाही. पहिल्या दवाखान्याचे आणि गाडीचे पैसे आमचे गेले, आणि एखादी गोळी सरकारी खिडकीवर संपलेली असली की अजूनही बाहेरून घ्यावी लागते. पण जो आकडा ऐकून मी भिंतीकडे पाहिलं होतं, तो आमच्या दारापर्यंत आलाच नाही.

निघताना आत्या हट्टाने जिन्याखाली गेली. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, पण त्या बाईंसमोर उभी राहिली आणि सगळं विसरली. शेवटी हात पुढे करून म्हणाली, "बाई, ठोके नीट पडतायत." बाईंनी रांग थांबवली, तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि थोडा वेळ मोजत राहिल्या. "पडतायत खरे," त्या म्हणाल्या. दोघींचेही डोळे भरून आले होते.

डावा हात वर करायला काही आठवडे बंदी होती, तरी आत्या बाजारात जाऊन नुसती बसायची. रोज संध्याकाळी देवापुढे बसावं तशी गप्प बसून ती मनगट धरते, हे आईने मला हळूच सांगितलं. आत्या मागे लागली म्हणून आईनेही आपली रक्तातली साखर तपासून घेतली. ती वाढलेली निघाली, गोळ्या सुरू झाल्या.

परवा आत्याच्या लक्षात आलं की कुलूपवाला उभा राहताना पोटाशी हात धरतो. हर्निया होता, किती तरी दिवस लपवत होता. कार्ड काढलंस का विचारलं तर म्हणाला, "अहो, माझं वय कुठं झालंय?"

"वय नसेल झालं, कमाई तर कमी आहे ना? मग बसतोस त्यात."

"कुणाचं फुकट कशाला घ्यायचं?"

आत्याने त्याच्या टपरीची फळी खाली ओढली, त्याच्याच हातातलं कुलूप घेऊन लावलं आणि म्हणाली, "चल. त्या बाई समजावून सांगतात. आणि फुकट नाहीये ते, माझेही पैसे आहेत त्यात."