अर्लिसचं गरम भांडं

उत्तर डकोटाच्या त्या सपाट मुलखात वारा आणि रेडिओ कुणाच्याही घरात न विचारता शिरतात. वर्ना टोलेफसननं दोघांशी जुळवून घेतलं होतं. नवरा गेल्यावर शाळेच्या मुलांना रांधून वाढून तिनं एकुलती लेक मार्नी मोठी केली. आता मार्नी परमुलखातल्या वाळवंटात लष्कराचा ट्रक चालवत होती.

त्या दुपारी रेडिओनं गव्हाचा भाव सांगितला. चीन सोयाबीन घेईना म्हणाला. कुणाचं कुत्रं हरवलं तेही सांगितलं. आणि त्याच आवाजात म्हणाला, तिकडं तळाबाहेर हल्ला झाला. आपल्या जिल्ह्याच्या तुकडीतलं ट्रकवरचं एक जण गेलं. घरच्यांना कळवल्यावर नाव सांगू.

वर्नानं मार्नीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारची म्हातारी अर्लिस हॉयपेल उभी होती. हातात फडक्यात गुंडाळलेलं काचेचं भांडं, बुडाला तिच्या नावाची चिकटपट्टी. बटाटा आणि खिम्याचा वास आला. सणवार नसताना असं भांडं त्या गावात मयताच्याच घरी जातं.

"परत ने ते."

"अगं पोरी, ऐक तरी..."

"गेली का माझी मार्नी? कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही गं. रेडिओवर ट्रकवरचं म्हणाले, म्हणून जीव राहिना. रिकाम्या हातानं कशी येऊ?"

"मढ्याची खबर यायच्या आधी जेवण घेऊन आलीस! एवढी घाई?"

अर्लिस आत आली, भांडं ओट्यावर ठेवून खाली मान घालून बसली. मग वर्नाला जरा हसू यावं म्हणून म्हणाली, "माझा डेलही तिथंच आहे की. पण तो कचेरीत, पंख्याखाली. माझ्या नातवासारख्या आळशाला ट्रकवर कोण चढवतंय!"

वर्ना हसली नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती. खडीच्या रस्त्यानं धुरळा उठला होता, आणि धुरळ्यातून एक गाडी येत होती. इतकी धुतलेली गाडी त्या गावात कुणाचीच नव्हती. मयताची खबर लष्कर फोनवर देत नाही, अशा गाडीतून माणसं धाडतं.

वर्नानं ओट्याची कड धरली. देवा, माझ्या दारी नको. कुणाच्याही दारी जाऊ दे, माझ्या नको.

वर्नाच्या फाटकापाशी गाडी मंदावली. आतल्या माणसानं पाटी वाचली. मग गाडी पुढं गेली आणि अर्लिसच्या टपालपेटीपाशी वळली. तो रस्ता एकाच घराला जातो.

"चुकले असतील," अर्लिस म्हणाली. "वाट विचारत असतील." तिनं कोट उचलला, पण हात बाहीत जाईना. वर्नानं तो घालून दिला. देवाकडं मागितलं ते मिळालं होतं.

अर्लिस शेताच्या कडेनं झपाझप निघाली, मग पळायलाच लागली. वर्नानं ओट्यावरचं भांडं उचललं. ते अजून गरम होतं. ती मागून चालू लागली. रिकाम्या हातानं कशी जाणार?