माझ्यासाठी वेगळं थालीपीठ

बडोद्यात ॲसिडिटी नसलेला माणूस शोधून दाखवा! निदान मला तरी सगळे हेच ऐकवत आले. अकोटा भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या गुजराती बेन म्हणायच्या, "एसिडिटी तो बधाने होय!" म्हणजे ती सगळ्यांनाच असते, आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागायच्या. छातीत जळतंय म्हटलं की थंड दूध. घास अडकतोय म्हटलं की "हळू खा, कोणी पळवून नेत नाही." अहो, पन्नाशीला टेकलेली बाई मी, रोज वर्गभर पोरांना शिकवते, आणि मला तुम्ही घास गिळायला शिकवता?

वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली. जळजळ जरा कमी व्हायची, पण घास अडकायचा तो अडकायचाच. छातीच्या मधोमध बसून राहायचा, आणि मी चारचौघांत हसरा चेहरा करून तो खाली उतरायची वाट बघायची.

त्यावर वन्संनी, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेनं, उपाय काढला. "पोटाला विश्रांती दे गं. एकादशी धर." वन्सं गावातच, पाणीगेटला राहतात. सासूबाई गेल्यापासून घरात शेवटचा शब्द त्यांचाच. मी नवऱ्याला लग्नापासून अरे-तुरे करते, हे त्यांच्या अजून पचनी पडलेलं नाही. तरी मी ऐकलं. एकादशी धरली, वर सोमवारही धरले. आता आमचे उपास कसे असतात ते काय सांगायचं? एकादशी आणि दुप्पट खाशी! खिचडीत दाण्याचं कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, रताळ्याच्या किसात कूट, वरीच्या तांदळावर दाण्याची आमटी, आणि येता-जाता तोंडात टाकायला दाण्याचे लाडू. उपासाच्या दिवशी मी अर्धमेली व्हायची. वन्सं म्हणायच्या, "पित्त बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे." डोंबलाचं चांगलं लक्षण!

शेवटी एक तरुण डॉक्टर भेटली. तिनं दुर्बीण घालून अन्ननलिका बघितली, आतले बारीक तुकडे तपासायला पाठवले आणि सांगितलं की ही नुसती ॲसिडिटी नाही, आत ॲलर्जीची सूज आहे. खाण्यातल्या एखाद्या पदार्थानं येते, मोठेपणीही येते, आणि जळजळ अगदी तशीच होते म्हणून माणूस फसतो. मग तिच्या देखरेखीखाली एकेक पदार्थ बंद केला, पुन्हा सुरू केला. दूध, काही नाही. गहू, काही नाही. दाणे बंद केले आणि काही आठवड्यांनी मी पोळीचा घास पाण्याशिवाय गिळला. स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या रडले. पुन्हा दाणे सुरू केले, पुन्हा घास अडकायला लागला. निदान झालं.

वाटलं, सुटले! कसली सुटते? घरात जणू मी कोणाचं श्राद्ध बंद केलं. "दाण्याशिवाय कोशिंबीर कशी लागणार?" "आपल्यात कोणाला असलं काही नव्हतं बाई." वन्सं तर म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या बायका नावं शोधून काढता. इतकी वर्षं खाल्लेस ना दाणे? मेलीस का?" नाही मेले. म्हणजे मरून दाखवल्याशिवाय दुखणं खरं नाही!

नवरा काही बोलायचा नाही. प्रत्येक डॉक्टरकडे तोच न्यायचा, बाहेर बसायचा, रिपोर्ट सांभाळायचा. मी विचारायची, "तुला तरी पटतं ना?" तो "हं" म्हणायचा. त्या "हं"वर मी निभावून नेत होते. जगाचं मला काय करायचंय? ह्या एका माणसानं माझ्यावर विश्वास ठेवावा, एवढंच हवं होतं.

मग रविवारची एकादशी आली आणि वन्संनी जेवायला बोलावलं. मी डबा घेऊन निघाले तर फोन आला, "डबा आणून माझा अपमान करू नकोस. तुझ्यासाठी वेगळी थालीपिठं करतेय, दाण्याशिवाय." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जाताना त्यांच्यासाठी गजरा घेतला.

थालीपीठ खमंग होतं. एक संपलं तेव्हा नवऱ्यानं स्वतः उठून दुसरं वाढलं. "घे ना, तुझ्यासाठीच केलंय." तो कधी उठून वाढत नाही. दुसऱ्या थालीपिठाचा तिसरा-चौथा घास अडकला. पाणी प्यायले तर पाणी परत आलं. थुंकीसुद्धा गिळता येईना. मोरीत वाकून उभी राहिले, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि मागून वन्संचा आवाज, "मनाचे खेळ आहेत सगळे."

दवाखान्यात पुन्हा दुर्बीण घालून तो घास काढावा लागला. बाहेर आले तेव्हा वन्सं बाकावर बसल्या होत्या. तोंड उतरलेलं, पण माफी नाही. "एवढंसं तर घातलं होतं कूट. सालं काढून, अगदी बारीक करून. म्हटलं, कळलं नाही तर होणार पण नाही." म्हणजे ह्या परीक्षा घेणार, आणि पेपर माझ्या घशात! घसा सोलवटला होता, नाहीतर तिथेच ऐकवलं असतं.

घरी परतताना विश्वामित्री नदीच्या पुलावर गाडी वाहतुकीत अडकली. मला वाटलं, आता तरी हा बहिणीवर चिडेल. तो समोर बघत होता. मग म्हणाला, "मला माहीत होतं. ताईनं सकाळीच सांगितलं होतं. म्हटलं, एकदाचा काय तो निकाल लागेल."

दुसरं थालीपीठ त्यानं वाढलं होतं.

आता आमच्या घरात दाणे येत नाहीत. एकादशीची खिचडी तोच करतो, ओलं खोबरं घालून, आणि चांगली करतो. चूक झाली म्हणाला, पुन्हा पुन्हा म्हणाला. पण ताट समोर आलं की मी चमच्यानं सगळी खिचडी उकरते, शीत न् शीत बघते, वास घेते, आणि मगच पहिला घास घेते. तो समोर बसलेला असतो. त्याला दिसतं. दिसू दे.