बागेचं फाटक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखलंत तरी आता काय?

मी कातकरी. रायगडातल्या एका वाडीवरचा, सध्या अबुधाबीत रुवैसला स्कॅफोल्डिंगचा, म्हणजे परांच्या बांधणाऱ्यांचा, फोरमन. आमची माणसं पुरायची जागा गावातले बागायतदार जयंतराव यांच्या आंबाबागेपलीकडे आहे. बागेतून गेलं तर दहा मिनिटं. पण त्यांच्या वडिलांनी फाटकाला कुलूप घातलं. माझा बाप गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्याला खाडीच्या चिखलातून नेला — एकाचा पाय घसरला, आणि बाप चिखलात पडला. फाटकाआडून जयंतराव बघत होते. विशीतले असतील तेव्हा. किल्ली त्यांच्याच हातात होती. सांगा, विसरता येतं असं?

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या इकडे नोकरीला असलेल्या मंडळींनी शारजात मेळावा घेतला. गावाने आदिवासींना जसं वागवलं त्याची माफी मागायची, सलोखा करायचा. गावच्याच नजीरभाईंनी त्यासाठी खूप धावपळ केली होती. जयंतराव दुबईला मुलाकडे आलेले, तेही आले. स्टेजवर हात जोडून म्हणाले, वाडीने माफ केलं तर आत्ताच सही करतो, बागेतली वाट कायमची तुमची. तिथे वाडीवरचा मी एकटाच, म्हणून वाडीच्या वतीने उत्तर मी द्यायचं होतं.

ते उत्तर माझ्या फोनमध्ये होतं. सकाळीच आईचा व्हॉइस मेसेज आला होता, सगळ्या वाडीला विचारून पाठवलेला. "पोरा, पुरे झालं आता. त्याला सांग, आमच्या मनात काही नाही. वाडीवर जेवायला ये म्हणावं."

नजीरभाईंनी माईक हातात दिला. "यल्ला, चल, बोल ना भाई, सब रुके हैं."

मी जयंतरावांकडे पाहिलं. म्हातारा रडत होता. आणि मला — खरं सांगू? — दया नाही आली. मी म्हणालो, "वाडीने माफ केलेलं नाही. तुमची वाट आम्हाला नको."

जयंतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. सही करायच्या कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली आणि मुलाचा हात धरून खाली उतरले. मी बघत उभा होतो. काय गोड वाटलं म्हणून सांगू! रुवैसला पोचेपर्यंत गाडीत गाणी म्हणत होतो. आजही तो चेहरा आठवला की गोडच वाटतं — हेही कबूल करतो.

फाटक बंदच आहे. त्यानंतर वाडीवरची तीन माणसं वारली, त्यांनाही खाडीतूनच नेलं. जयंतरावांनी ऐनवेळी शब्द फिरवला असं वाडीला वाटतं. तसं मीच सांगितलंय.

आई आता अंथरुणावर आहे. परवा फोनवर म्हणाली, "मला त्या चिखलाचं भ्या वाटतं रे. मला तरी बागेतून नेऊ देईल का तो? एकदा विचारून बघ ना."

मी म्हणालो, "तो माणूसच तसा आहे, आई."