एसटीत चढलेलं दार

परभणीहून पालमला निघालेल्या एसटीत एकदा एक सागवानी दार चढलं. त्याच्याखाली एक म्हातारा आहे, हे मला नंतर कळलं. दार इतकं वजनदार की बस कलंडली आणि डावीकडच्या प्रवाशांना थेट गोदावरी दिसली.

"काका, कुठं बसवणार हे?" मी विचारलं.

"बसवायचं न्हाई. पाय ठोकून ह्याचं जेवायचं टेबल करायलोय." तो उपरण्यानं दार पुसत होता, अगदी घोड्याला खरारा करावा तसा. "सासुरवाडीचं जुनं घर पाडायलेत. एवढं लाकूड चुलीत घालायचं अन् टेबलासाठी नवं झाड तोडायचं व्हय?"

पुढच्या सीटवरून त्याची बायको फणकारली, "मला दुकानातलं काचेचं पायजे. ते जाळा न्हाईतर इका!"

म्हातारा मला म्हणाला, "ह्याच दारात हिच्या बापानं मला तासभर उभं केलतं. आता मी ह्याच्यावर बसून जेवणार!"

अख्खी बस हसली. त्याची बायको तेवढी हसली नाही. दार चुलीत जाणार, हे मी मनात ठरवूनच टाकलं.

पालम आलं. म्हातारा दार ओढत पुटपुटला, "ही कडी तेवढी काढून टाकतो. ताटाला लागंल."

बाई गर्रकन वळली आणि तिनं दाराचं दुसरं टोक धरलं. "कडीला हात लावायचा न्हाई! माझे आबा शेतातून आले की हीच वाजवायचे. अन् हळू उतरवा, टेबलाला खोक पडंल."

त्यांच्या घरी जेवायला बोलावताना आता कडी वाजते का, हे मला अजून बघायचंय.