निशाणी फाटक

हरण्याचं काम इतक्या निष्ठेनं करणारा माणूस मी परभणी जिल्ह्यात दुसरा पाहिलेला नाही. तसे हरणारे पुष्कळ आहेत. पण हरल्यावर ते पंचाला शिव्या देतात, खेळ सोडतात, निदान त्या दिवशी जेवण तरी कमी जेवतात. आमचे फाटकवाले काका नऊ गोलांनी हरून आले की भाकरी एक जास्त खायचे आणि म्हणायचे, "पयल्या हाफात तीनच खाल्ले की रे आपण. लय सुधारणा हाय."

काका पिंगळीजवळच्या रेल्वे फाटकावर नोकरीला होते. पुढे रुळांखालून रस्ता झाला, फाटक निघालं, आणि त्याच सुमारास काकाही निवृत्त झाले. पण फाटक त्यांच्या अंगातून काही निघालं नाही. काकू चुलीवरून गरम पातेलं घेऊन निघाल्या की काका उठून दारात हात आडवा धरत, अंगणातल्या कोंबड्या, नातवंडं सगळी वाहतूक थांबवत आणि मगच काकूंना सोडत. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांची गर्दी झाली की ते पानावरून उठून उभे राहायचे, भातवाल्याला अडवायचे आणि वरणवाल्याला वाट द्यायचे. "एका वक्ताला एकच गाडी," हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. पाहुणेही मुकाट्यानं ऐकत, कारण काकांच्या खिशातून हिरव्या झेंडीचं टोक बाहेर डोकावत असे.

रुळांलगतच्या पडीक जागेवर त्यांनी फुटबॉलचा संघ काढला होता. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारे दोन भाऊ, पानटपरीवाला, सलूनवाला, पोस्टमन आणि उरलेले मिळतील तसे. काकांनी स्वतः जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. शिकवण्याची त्यांची पद्धत सोपी होती. ते मैदानाच्या कडेला उभे राहायचे. हिरवी झेंडी म्हणजे पुढे पळा, लाल म्हणजे जागच्या जागी थांबा. एकदा पाथरीच्या संघाविरुद्ध आमचा पानटपरीवाला चेंडू घेऊन थेट गोलसमोर पोचला. गोलकीपर घसरून पडलेला, मध्ये कुणीच नाही. काका आनंदानं नाचायला लागले आणि त्या नादात त्यांच्या हातून लाल झेंडी वर झाली. पानटपरीवाला थांबला. नुसता थांबला नाही, चेंडूवर पाय ठेवून शिस्तीत उभा राहिला. पाथरीच्या गोलकीपरनं उठून, कपडे झटकून, सावकाश येऊन त्याच्या पायाखालून चेंडू काढून नेला. "आरं, मारायचा न्हाई का!" काका ओरडले. तो म्हणाला, "लाल दिसलं की बापाचंबी ऐकायचं न्हाई, आसं तुमीच शिकविलंत." काकांनी लाल झेंडी खाली घेतली. मग म्हणाले, "बरुबर हाय. अपघात टळला."

या संघाचा मी गोलकीपर होतो. आता खरं सांगायचं तर मला खेळ येत होता म्हणून काकांनी मला घेतलं नव्हतं. मी बी.ए.ला होतो म्हणून घेतलं होतं. माझ्या घरात कॉलेजचं तोंड माझ्याआधी कुणी पाहिलेलं नाही. प्रवेशाचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा हे ना मला माहीत, ना वडिलांना. काका ड्युटी बदलून माझ्याबरोबर परभणीला आले, रांगेत उभे राहिले आणि खिडकीतल्या बाईंना म्हणाले, "ह्या गाडीला सिग्नल द्या, बाई. लय लांब जायाची हाय." त्या दिवसापासून, म्हणजे पदवीला तीन वर्षं बाकी असल्यापासून, ते मला 'ग्रॅज्युएट' म्हणू लागले. फाटकाच्या केबिनमधलं बाकडं त्यांनी मला अभ्यासाला दिलं. मी वाचत असलो की बाहेर हॉर्न वाजवणाऱ्या जीपवाल्याला ते तोंडावर बोट ठेवून दटावत, "पोरगं वाचायलंय, दिसंना का?"

त्या बाकड्यावरच पुस्तकाचं प्रकरण सुरू झालं. स्टेशनबाहेरच्या भज्यांच्या गाड्यावर काकांना एक इंग्रजी पुस्तक सापडलं. कव्हर नव्हतं, पहिली पन्नास-साठ पानं भज्यांबरोबर गावाच्या हातात गेलेली, आणि उरलेल्यांतली काही तेलानं एकमेकांना चिकटलेली. आत एक फोटो होता. मिशीवाले अकरा जण, हातांची घडी, गुडघ्याखाली आलेल्या चड्ड्या, आणि चेहरे असे की आत्ताच मयतीहून परतलेत. काका म्हणाले, "ही हरणारी माणसं हायेत. आपलीच हायेत." आणि खरंच होती. विलायतेतल्या एका गिरणीगावचा तो जुना क्लब. लीग नुकतीच सुरू झालेली, मैदान चिखलाचं, खेळाडू शनिवारी दुपारची पाळी संपवून पळत येणारे. एकदा दोघांची गाडी चुकली म्हणून नऊ जणच खेळले, आणि एकदा त्यांच्याच गावच्या लोकांनी त्यांना गाजरं फेकून मारली. एका अख्ख्या हंगामात ते हरत गेले. काकांनी त्यांच्याशी नातंही जोडलं. "कापूस आपला, गिरणी त्यांची. सोयरीक जुनी हाय."

दर रविवारी मी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. माझं इंग्रजी गाइडातलं. पण 'ग्रॅज्युएट' हे नाव पडल्यावर अडून कसं चालेल? अडलं तिथं मी ठोकून द्यायचो. अमुक संघाविरुद्ध 'दे ड्रू' असं लिहिलेलं होतं. मी सांगितलं, "त्या दिवशी त्यांनी चित्र काढलं." काका विचारात पडले. म्हणाले, "हरून हरून मन विटत आसंल. मंग चित्रं काढत आसतील. शाहणी माणसं." पुढे तीनदा त्या क्लबानं चित्र काढलं आणि तीनही वेळा काकांनी मान डोलावली.

हंगामाच्या शेवटी तो क्लब तळाला गेला. पानाच्या शेवटच्या ओळीत होतं की वार्षिक सभेत हा क्लब री-इलेक्शनला उभा राहिला, आणि... पुढचं पान चिकटलेलं. "मंग? काय झालं मंग?" काका बाकड्याच्या कडेवर आले होते. मी पान सोडवून बघायला हवं होतं. पण ते फाटेल अशी भीती होती, आणि त्याहून जास्त भीती ही की आत असं काही निघेल जे मला वाचता येणार नाही. मी म्हणालो, "आणि बाकीच्या सगळ्या संघांनी मतं देऊन त्यांना परत निवडून आणलं." काकांनी डोळे पुसले. "बगितलास? हरणाऱ्याला मतं देत्यात. काय लोक आसतील!"

पुढच्याच वर्षी जिल्ह्यातल्या आठ संघांनी मिळून लीग सुरू केली. पहिल्या बैठकीत, तळाचा संघ काढून टाकायचा, असं ठरत होतं. काका उठले आणि म्हणाले, "काढू नका. विलायतेत निवडणूक घेत्यात. तळाचा संघ भाईर उभा ऱ्हातो, बाकीचे सात चिठ्ठ्या टाकतेत. आमच्या ग्रॅज्युएटनं वाचलंय." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. अशा रीतीनं माझी थाप जिल्ह्याच्या लीगच्या नियमांत गेली.

तो हंगाम कसा गेला ते सांगत नाही. फक्त येलदरीला एक सामना शून्य-शून्य सुटला. पूर्णा नदीवर मासेमारी करणाऱ्या तिथल्या पोरांपैकी निम्मी त्या दिवशी जाळी ओढायला गेली होती. मी मात्र हंगामाच्या मध्यावरच गोलकीपरची जागा सोडली, कारण मला परभणीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकुनाची नोकरी लागली. रुजू व्हायला निघालो तेव्हा काका प्लॅटफॉर्मवर येऊन मी बसलेल्या डब्याला हिरवी झेंडी दाखवत उभे होते. खऱ्या गार्डनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं. माझ्या जागी गोलात पोस्टमन उभा राहिला. तो आलेली प्रत्येक वस्तू पोचती करायचा. संघ तळाला गेला.

मग काका प्रचाराला निघाले. निवडणूक म्हटल्यावर आपल्याकडे दुसरा अर्थ कुठला? पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतः फाटकाचं चित्र काढलं, खाली लिहिलं, 'निशाणी फाटक', आणि एस.टी.नं गावोगाव हिंडले. पाथरीला हात जोडून म्हणाले, "लाल झेंडीचा तो गोल आमी तुमाला सोडला होता, ध्यानात ठेवा." येलदरीच्या पोरांनी मत कबूल केलं आणि वर मासे दिले. माझ्याकडे ते आलेच नाहीत. नंतर कळलं, कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले होते, "घरच्या मताला काय विचारायचं?"

पण माझ्या कॉलेजचाही संघ लीगमध्ये होता, आणि घरचं मत आता त्याच्याकडे होतं. आमच्या क्रीडाशिक्षकांना सभेला जायला वेळ नव्हता. त्यांनी मला प्रतिनिधी म्हणून पाठवलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. सभेत तळाच्या जागेसाठी अर्ज केलेला एक नवा संघही आला होता, एकसारखे ट्रॅकसूट घालून. मी त्यांच्याशी जमेल तितक्या शुद्ध भाषेत बोलत होतो. तेवढ्यात काका आले. डोक्यावर रेल्वेची जुनी टोपी, काखेत पुठ्ठा. दारातूनच ओरडले, "ए ग्रॅज्युएट! जेवलास का न्हाई?" मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "ह्यो माजा गोलकीपर. एका मॅचात अकरा गोल खाल्लेत ह्यानं! बाप स्टेशनावर पोती वाहायचा. गोल सगळे खाल्ले, पर परीक्षेत एकदाबी नापास न्हाई!" खोली हसली. ट्रॅकसूटवाले सगळ्यांत जास्त हसले. काकाही हसत होते. त्यांना वाटलं, सगळे कौतुकानं हसताहेत. माझे कान तापले होते.

नियमाप्रमाणे काका बाहेर जाऊन उभे राहिले. आम्हा सात जणांना चिठ्ठ्या दिल्या गेल्या. 'ठेवावे' किंवा 'काढावे', एवढंच लिहायचं. माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता. कुणी बघतही नव्हतं. मी खिशाचं पेन काढलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'काढावे'.

ठेवावे तीन, काढावे चार.

बाहेर आल्यावर काकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तीन पडले रे. येलदरी, पाथरी, आन् तू. हिशोब बराबर लागतो." मी मान हलवली. तशीच, जशी पहिल्या बैठकीत हलवली होती. ते तिसरं मत कुणाचं होतं, मला आजही ठाऊक नाही. ज्या कुणा भल्या माणसानं ते दिलं, त्याचं पुण्य मी आजवर माझ्या नावावर खातो आहे.

त्यानंतर वर्षभर मी पिंगळीला गेलो तरी मैदानाकडे फिरकलो नाही. गाडीत पलीकडच्या खिडकीशी बसायचो. शेवटी काकांनीच निरोप धाडला, "पुस्तक राह्यलंय. येऊन पुरं कर." गेलो. रुळांजवळच्या त्यांच्या घरात काकूंनी चहाला पाणी ठेवलं होतं. काकांनी ते चिकटलेलं पान वाफेवर धरलं, बोटानं हळूहळू सोडवलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "आता वाच. त्या वर्साच्या पुढं काय झालं ते."

पहिल्याच ओळीत ते होतं. त्या क्लबाला पुरेशी मतं पडली नाहीत. त्याच्या जागी दुसरा संघ घेतला. आता माझं इंग्रजी तेवढं सुधारलं होतं. आणि ठोकून देणं तर मला आधीपासून येत होतंच. काका वाट पाहत होते. मी या वेळी एकेक शब्द होता तसा वाचला.

काकांनी सोडवलेल्या पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजी निवडून आलेच न्हवते?"

"नव्हते, काका. मी तेव्हा मनानं सांगितलं होतं."

"मतं कुणी कुणी दिली न्हाईत, ते लिवलंय का?"

"नाही."

"बरं झालं, न्हाई लिवलं ते." त्यांनी बशीतला चहा फुंकला. "एखांदा त्यांच्याच गावचा आसंल त्यात. उगं त्याला आयुष्यभर तोंड लपवाया लागलं आसतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. गाडी यायला वेळ असला की फाटकावर जसा असायचा, तसाच चेहरा. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मालगाडी आली. काका सवयीनं उठले, अंगणात जाऊन झेंडी धरून उभे राहिले. लांबलचक गाडी होती. शेवटचा डबा जाईपर्यंत माझ्या तोंडातलं वाक्य परत आत गेलं होतं.

काका येऊन बसले. "आन् ते चित्रं काढल्यालं? ते तरी खरं का?"

"ते नाही, काका. सामना बरोबरीत सुटला, असा त्याचा अर्थ. आपण येलदरीला सोडवला होता ना, तसा."

"आसं हाय व्हय," काका म्हणाले. थोडे हिरमुसले. "चित्रंच बरी होती रे."

संघ अजून आहे. लीगमध्ये नाही, पण रविवारी रुळांलगत खेळतो, आणि मैदानाच्या कडेला दोन झेंड्या हलत असतात. मी आता गाडीत मैदानाच्या बाजूच्या खिडकीशी बसतो. काकांना डबा नेमका कसा कळतो कोण जाणे. माझी खिडकी समोर आली की ते हिरवी झेंडी वर करतात. रेल्वेच्या भाषेत तिचा अर्थ एवढाच, की काही अडचण नाही, जाऊ द्या. मी हात वर करतो. तो पुरा वर जात नाही.