वाडगा धरलेली मुलगी

सुनेने आज ओट्स शिजवले आणि त्या पेजेसारख्या वासाने मी थेट गिरगावच्या आमच्या चाळीत पोचले.

माझे वडील, अण्णा, जाहिरातींची चित्रं काढायचे. विलायती ओट्सच्या जाहिरातीसाठी त्यांनी मला चार दिवस खिडकीत बसवलं होतं. ओट्स आम्ही कधी पाहिलेसुद्धा नव्हते, म्हणून वाडग्यात आईने केलेली पेजच असायची.

एका सकाळी नाक्यावर ते चित्र लागलं. मी मैत्रिणींना ओढत घेऊन गेले आणि जागीच थिजले. वाडगा धरलेल्या हातावर स्टोव्हने भाजल्याचा डाग माझाच होता, पण वर तोंड होतं सोनेरी केसांच्या कुणा गोऱ्या मुलीचं!

धावत घरी आले. अण्णा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चासाठी फलक रंगवत बसले होते.

"अण्णा, माझं तोंड कुणी पुसलं?"

"मीच," मान वर न करता ते म्हणाले. "ओट्स कंपनीच्या साहेबांना गोरी मुलगी हवी होती. डाग मात्र तुझाच ठेवलाय हो."

तेव्हा मला फक्त माझं गेलेलं तोंड दिसत होतं. त्या फलकावर अण्णा काय लिहीत होते, ते आज आठवलं आणि मी चमचा खाली ठेवला.

‘मुंबई आमची.’